तिसऱ्या मजल्यावरची पाटी

डॉक्टरीणबाईंनी उद्या सकाळी दाखल व्हायला सांगितलं आणि त्या दुपारी घरात ज्याला त्याला वैदू होण्याचा झटका आला. बाई तशा थोडकंच बोलल्या होत्या. दिवस उलटून गेलेत, पोटातलं पाणी कमी व्हायला लागलंय, तेव्हा आता औषध देऊन कळा आणू. रोजचं काम आहे, घाबरायचं नाही. आणि तोवर हवं तर चाला, जिने चढा-उतरा, आपसूक सुरू झालं तर बरंच. धाकट्या सुनेनं, म्हणजे धाकटीनं, घरी येऊन हे शब्दन् शब्द सांगितलं आणि तिथंच तिचं चुकलं. घरानं बाकी सगळं सोडून 'आपसूक' एवढा एकच शब्द उचलला.

पहिल्या मजल्यावरची आत्या तेलाची वाटी घेऊन आली आणि तळपाय रगडायला बसली. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं, म्हणून तिचा सल्ला सगळ्यांत ठाम होता. धाकटीच्या नवऱ्यानं भलामोठा रबरी चेंडू आणला. त्यावर बसून हेलकावे घ्यायचे होते म्हणे, पण तो फुगवता फुगवता त्यालाच कळा यायची वेळ आली. कुणी अननस चिरला, कुणी गरम पाण्यानं अंघोळ घालायची टूम काढली. एरंडेलाची बाटली आली तेव्हा मात्र धाकटीनं हात जोडले. सासरे तेवढे लांब राहिले. सगळा गाव त्यांना मिस्त्री म्हणायचा. लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात त्यांची हयात गेली होती आणि कुठल्याही मशीनला घाई करू नये, एवढंच त्यांचं मत होतं.

सासूबाईंनी काही आणलं नाही. धाकटीला उकिडवं बसवून फरशी पुसायला लावली, कारण त्यांच्या मते यापरता उपाय नव्हता, आणि स्वतःही फडकं घेऊन शेजारी बसल्या. दोघी कोपऱ्यापासून दारापर्यंत फरशी पुसत आल्या. मग सासूबाई फरशीकडेच बघत म्हणाल्या, "थोरल्याला असंच औषध देऊन आणलं होतं. घाईनं आला, घाईनं गेला."

धाकटीचा हात थांबला. ती एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासायचं काम करायची. सुताएवढा फरक पडला तरी माल परत पाठवणारी बाई ती. औषधानं जन्मलेली शेकडो माणसं म्हातारी होऊन मरतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण कळतं ते वळतंच असं नाही. ते वाक्य तिच्या पोटात जाऊन बसलं आणि तिथं आधीच जागा कमी होती. उद्या सकाळच्या आत सुरू व्हायलाच हवं, असं तिनं मनाशी ठरवलं आणि जिने चढायला निघाली.

ती इमारत सगळी त्यांचीच. तळाला घरचा लिफ्ट दुरुस्तीचा कारखाना, वर आत्या, दुसऱ्या मजल्यावर सामानाचं गोदाम, तिसऱ्यावर थोरली जाऊ एकटी आणि चौथ्यावर बाकीचं घर. मधोमध लिफ्टचा शाफ्ट आणि त्याला चारी बाजूंनी गुंडाळून वर गेलेला जिना. शाफ्टला जुन्या पद्धतीची लोखंडी जाळी होती, आरपार दिसणारी. गावभरच्या लिफ्ट या माणसांनी चालत्या केल्या आणि स्वतः मात्र चार मजले धापा टाकत चढत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्याला कारण होतं ती पाटी. धंद्यातला नियम असा, की शाफ्टमध्ये उतरायच्या आधी दारापाशी पाटी लावायची, 'आत माणूस आहे'. ती दिसली की कुणी वीज चालू करायची नाही. आणि ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची, दुसऱ्या कुणी नाही, मग तो मालक का असेना. थोरला, म्हणजे मिस्त्रींचा मोठा मुलगा, ज्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून आत उतरला, त्या दिवशीची पाटी अजून तिथं लटकत होती. मिस्त्रींनी गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीतून वीज चालू केली, लिफ्टची केबिन हलली, आणि थोरला बाहेर आला नाही. वर जाताना पाटी आपल्या डोळ्यांसमोर होती आणि आपण ती पाहिली नाही, हे मिस्त्रींनी त्याच दिवशी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. त्यानंतर त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही आणि सासूबाईंनीही कधी 'जाऊ द्या' म्हटलं नाही. लावणारा गेला, म्हणून पाटी राहिली. पाटी राहिली, म्हणून लिफ्ट राहिली. तरी मिस्त्री दर आठवड्याला वर जाऊन त्या मोटारीला तेलपाणी करायचे आणि चाक हातानं फिरवून बघायचे. का, ते त्यांना कुणी विचारत नसे.

धाकटी लग्न होऊन आली ती या सगळ्यानंतर. तिनं थोरल्याला फोटोतच पाहिलं होतं. सकाळीच आत्या तिच्या पोटाकडे बघून म्हणाली होती, की ती पाटी आता हिच्याच गळ्यात घाला. त्याचं कुणालाच हसू आलं नव्हतं.

तिनं एक फेरी केली. दुसऱ्या फेरीत ती तिसऱ्या मजल्याच्या जाळीपाशी कठड्याला धरून दम खात होती, तेव्हा शाफ्टमधून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन.

टोल्यांची भाषा तिला येत होती, या घरात ती न येऊन चालण्यासारखं नव्हतं. एक टोला म्हणजे थांब. दोन म्हणजे चालू दे. तीन म्हणजे काम झालं, बाहेर येतोय, पाटी काढायची. मिस्त्री तर जेवण संपलं की ताटावर चमच्यानं तीनदा वाजवून उठायचे. तेव्हा खाली कारखान्यात कुणीतरी पाना आपटत असेल, असं तिनं धरलं आणि खाली उतरून पाहिलं. कारखाना बंद होता. मिस्त्री आत्याकडे चहा पीत बसले होते.

ती पुन्हा वर चढली, या वेळी मुद्दाम हळू. तिसऱ्या मजल्यावर आली आणि पुन्हा तेच. आता मात्र एक वेगळी गोष्ट झाली. प्रत्येक टोल्यासरशी बाळ पोटात हललं. सकाळपासून सुस्त पडलेलं बाळ तीनदा हललं आणि थांबलं.  हे टोले कुणाला उद्देशून होते, आणि त्यांना उत्तर कोण देत होतं? तिला एकदम रडू यायला लागलं. माझं बाळ माझं असू दे, ती मनात म्हणाली, ते कुणाचं परत येणं नको.

मागे दार उघडलं. थोरली जाऊ दारात उभी होती. घरात सगळे तिला घाबरून असायचे, कारण ती फारसं बोलायची नाही आणि बोलली की खरं बोलायची. धाकटीशी तर ती लग्नापासून चार हात लांबच होती. धाकट्याचा संसार उभा राहिलेला तिला बघवत नाही, असं आत्याचं म्हणणं होतं आणि धाकटीनं ते मानलंही होतं.

"ऐकलंस?" थोरलीनं विचारलं.

धाकटीनं मान हलवली. थोरलीनं तिला दंडाला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय. इतकी वर्षं ऐकतेय मी. रोज नाही, पण ऐकतेय. त्यांचाच हात आहे तो. त्यांचा तिसरा टोला नेहमी हलका पडायचा, पाना तोवर पिशवीत टाकायची घाई असायची."

धाकटीला आठवलं. तिसरा टोला हलकाच होता.

थोरली मग एकदाची बोलायला लागली. काम झालंय, पाटी काढा, असं ते सांगतायत, हे तिला पहिल्यापासून कळत होतं. पण काढणार कोण? लावणारा तर आत. नियम मोडून आपणच काढावी म्हणून ती दोनदा पाटीपर्यंत गेली होती आणि दोन्ही वेळा सासूबाईंनी आडवं येऊन, हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील, असं बजावलं होतं. दुसऱ्या वेळेपासून दोघींत कामापुरतंच बोलणं उरलं होतं. नवऱ्याला दाराबाहेर तिष्ठत ठेवून आत जेवायला बसल्यासारखं वाटतं रोज, असं ती म्हणाली आणि धाकटीच्या पोटावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं धाकटीला हात लावला होता.

"याला ऐकू येतंय बघ. हे पण अडून बसलंय. ऊठ, आईंकडे जाऊ. तू सांग, माझं त्या ऐकणार नाहीत."

सासूबाई अजून फरशीवरच होत्या. दोघी सुना हात धरून दारात आलेल्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचं फडकं तिथंच थांबलं. धाकटीनं सरळ सांगून टाकलं की आई, तिसऱ्या मजल्यावर तीन टोले ऐकले, दोनदा. सासूबाई चिडतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "तिसरा कसा होता?"

"हलका."

सासूबाईंनी फडकं बादलीत बुडवून पिळलं, वाळत घातलं, हात धुतले, पदराला पुसले. त्यांना इतकं सावकाश काही करताना धाकटीनं पाहिलं नव्हतं. मग त्या जिना उतरायला लागल्या. त्यांच्यामागे दोघी सुना, आणि काय चाललंय ते न कळलेला धाकटीचा नवरा. बोलण्याचा आवाज ऐकून खालून मिस्त्री आणि आत्याही वर आले. संध्याकाळचं ऊन जिन्याच्या खिडकीतून जाळीवर पडलं होतं आणि पाटीवरची अक्षरं विटून गेली असली तरी वाचता येत होती.

सासूबाईंनी पाटीला हात घातला.

"हात लावू नको," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण सगळे जागच्या जागी थांबले. "लावणाऱ्यानंच काढायची."

"म्हणूनच काढतेय," सासूबाई म्हणाल्या.

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग सर्वांत आधी धाकटीला कळलं, कदाचित ती घरात सगळ्यांत नवी होती म्हणून.

"त्यानं पाटी लावलीच नव्हती. दोन मिनिटांचं काम होतं, पिशवी बाहेर दाराशी ठेवून उतरला, पाटी तिच्यातच. तुम्ही वरनं धावत येईपर्यंत मी लावली." सासूबाई पाटीशीच बोलत होत्या. "मिस्त्रीच्या पोराला पाटीचं भान नव्हतं, असं लोकांनी म्हणायला नको होतं. मेलेल्याला बोल लागू नये म्हणून मी तो जिवंताला लावला."

आत्यानं तोंडाला पदर लावला. मिस्त्री पायरीवर बसले. 

"म्हणजे मी वर गेलो तेव्हा पाटी नव्हती."

"नव्हती."

"मी हाक मारली होती. एकदा."

"मी ऐकली होती. त्यानं ऐकली नसावी."

"नव्हती ना पाटी?"

"नव्हती हो."

नेमकी तेव्हाच धाकटीच्या कमरेतून एक कळ निघाली आणि पोटाभोवती आवळत पुढे आली. तिनं जाळी घट्ट धरली. ही नेहमीच्या पोटदुखीतली नव्हती, हे तिला लगेच समजलं. दिवसभर सगळं घर जिची वाट बघत होतं ती आली होती आणि कुणाचं लक्ष नव्हतं. धाकटीनं ओठ आवळून ती सोसली. समोरच्या म्हाताऱ्या माणसाच्या त्या घटकेत आपला विषय मध्ये आणायची तिला लाज वाटली. 

मिस्त्रींनी बायकोला एका शब्दानं दूषण दिलं नाही आणि बरं केलंस असंही म्हटलं नाही. ते उठले, करगोट्याला बांधलेली मोटारीच्या खोलीची किल्ली त्यांनी चाचपली. जिन्याकडे वळताना ते धंद्यातल्या आवाजात म्हणाले, "काढ. पहिली फेरी रिकामी जाऊ दे. कुणी बसायचं नाही." दुरुस्तीनंतर पहिली फेरी रिकामी, हाही त्यांचा नियमच होता.

सासूबाईंनी पाटी खिळ्यावरून उचलली. इतक्या वर्षांत तिच्या मागे दाराशेजारच्या भिंतीचा रंग ताजा राहिला होता, तेवढा चौकोन स्वच्छ दिसत होता. त्या चौकोनाकडे बघता बघता धाकटीला दुसरी कळ आली आणि या वेळी तोंडातून आवाज निघालाच.

मग एकच गडबड उडाली. नवरा बॅग आणायला वर धावला, तो बॅग सोडून चेंडूच घेऊन आला, पुन्हा वर धावला. आत्यानं आपल्या तेलाचा गुण आला म्हणून जाहीर केलं. थोरलीनं कुणाचं न ऐकता धाकटीचा हात खांद्यावर घेतला आणि एकेक पायरी उतरवायला लागली. सासूबाई पाटी काखेत धरून त्यांच्या पुढे निघाल्या, पुढे पुढे जात दिसेनाशा झाल्या.

दोघी जावा दुसऱ्या मजल्याच्या वर असताना मोटार चालू झाली. आधी वरून घरघर ऐकू आली, दोर थरथरले, धूळ खाली सांडली. चौथ्या मजल्यावर थांबलेली केबिन दिवा लावून खाली येऊ लागली. जाळीतून तिचा पिवळा उजेड भिंतीवरून सरकत आला आणि धाकटीच्या बरोबरीनं उतरायला लागला. ती कळेसाठी थांबली तेव्हा केबिनही मजल्यावर आली होती. आत कुणी नव्हतं. मागची भिंत, बटणं, एका कोपऱ्यात जुनं कोळिष्टक, सगळं लख्ख दिसत होतं.

वरून शाफ्टमधून मिस्त्रींचा आवाज आला. "आत कोण बसलंय?"

"कुणी नाही बाबा," बॅग घेऊन मागून आलेल्या नवऱ्यानं ओरडून सांगितलं. "रिकामी आहे."

"रिकामी अशी वाजत नाही."

नवऱ्यानं जाळीला कान लावला. तो याच घरात वाढलेला होता आणि धाकटीनंही जेवता जेवता हे कितीदा ऐकलं होतं. केबिनच्या पलीकडच्या बाजूला दोरावर लोखंडी वजन असतं आणि रिकाम्या केबिनपेक्षा ते जड असतं. केबिन रिकामी खाली येते तेव्हा मोटार कण्हते. आत माणूस असला की तिला सोपं जातं. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून आत किती माणसं आहेत ते मिस्त्री सांगायचे, आणि आजवर ते कधी चुकले नव्हते. आता मोटार कण्हत नव्हती. एका माणसाला घेऊन चालल्यासारखी ती अगदी सहज चालली होती.

थोरलीचे डोळे जाळीवरून हटत नव्हते. धाकटीनं तिचा हात घट्ट धरला, कळेसाठी धरला की भीतीनं हे दोघींनीही विचारलं नाही. बाळ मात्र आता टोल्यांना उत्तर देत नव्हतं. ते खाली सरकत होतं, आपल्याच कामात होतं, हे तिला स्पष्ट जाणवलं आणि भीतीतही तिला फार बरं वाटलं.

तळाशी सासूबाई लिफ्टच्या दारापाशी उभ्या होत्या. पाटी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि रस्त्याकडचं मोठं दार सताड उघडलं होतं. केबिन आली, थांबली. त्यांनी दोन्ही हातांनी जाळीचं दार सरकवलं. ते गंजलं होतं, तरी अडलं नाही. मग त्या बाजूला झाल्या, अंग चोरून भिंतीशी उभ्या राहिल्या, हत्यारांची पिशवी खांद्याला लावलेल्या माणसाला वाट द्यावी तशा. तेवढा वेळ त्या थांबल्या.  थोरलीच्या अंगावरून मोठ्या दाराकडे गार वारा गेला आणि तिनं पदर सावरला.

"सावकाश जा रे," सासूबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या.

धाकटीनं त्यांना कधी कुणाशी इतक्या मायेनं बोलताना ऐकलं नव्हतं. पुढची कळ आली, आधीच्यांहून मोठी, आणि ती थोरलीच्या खांद्यावर वाकली. सासूबाई लगेच वळल्या, दुसऱ्या बाजूनं तिला धरलं आणि मोठ्या दाराकडे चालवायला लागल्या. नवरा गाडी सुरू करायला पुढे धावला होता.

त्या उंबऱ्याशी पोचल्या तेव्हा गच्चीवरून मिस्त्रींनी हाक मारली. त्यांचा आवाज शाफ्टमधून येताना फाटत होता.

"बाहेर पडला का?"

सासूबाईंनी मान वर केली. धाकटीच्या कमरेवरचा हात त्यांनी काढला नाही.

"पडला हो," त्या म्हणाल्या. "या आता तुम्ही पण खाली."